खेळ दुकानातून गेला, सवय कुठे गेली?

२८ जुलै २०२२ रोजी संध्याकाळी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ गुगल आणि ॲपल यांच्या भारतातील ॲप स्टोअरमधून दिसेनासा झाला. पोरांच्या तोंडी हा ‘बीजीएमआय’. पालकांच्या लेखी मात्र नाव काहीही असो, तो ‘पब्जी’च. त्या रात्री कित्येक घरांत आईवडिलांना हायसे वाटले असेल. मध्यरात्रीनंतर बंद खोलीतून येणारी ओरडाआरड थांबेल, परीक्षेच्या तोंडावर पोरगा वेळेवर झोपेल, अशी आशा त्यामागे होती.

प्रत्यक्षात दुकानातून खेळ काढणे आणि फोनमधून खेळ जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता, ते पुढेही काही काळ खेळत राहिले. बाकीच्यांसाठी तशाच धाटणीचे दुसरे खेळ त्याच दुकानात होतेच. आणि दहा महिन्यांनी, २९ मे २०२३ रोजी, बीजीएमआय परतला. आता त्याला मर्यादा होती: अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा तास.

वादग्रस्त खेळ हटवला गेला की एखादी साथ आटोक्यात आल्यासारखा आनंद आपल्याला होतो. तो आनंद तपासून पाहायला हवा. कारण ज्या मुलाची झोप, अभ्यास आणि भूक त्या खेळाने खाल्ली होती, त्याच्यासाठी त्या दहा महिन्यांत काय बदलले, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. खेळ हटवणे म्हणजे मुलांच्या आरोग्याचा प्रश्न सोडवणे नव्हे, हेच आज सांगायचे आहे.

बंदी कशासाठी होती?

पब्जीविरुद्धची ओरड आरोग्याच्या आणि हिंसेच्याच नावाने सुरू झाली होती. २०१९च्या सुरुवातीला एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात या खेळावर बंदी घालण्याची मागणी करणारी जनहित याचिका दाखल झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी खेळावर स्थानिक बंदी घातली आणि तो खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. मोबाइलवर खेळला म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, अशी ती वेळ होती.

खेळ खरोखर हटला तो मात्र वेगळ्याच कारणाने. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. फेब्रुवारी २०२२मध्ये ५४ ॲपची आणखी एक यादी आली, त्यात ‘फ्री फायर’ होता. हे सारे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली झाले. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गंभीर गुन्ह्यांना मिळणारी चिथावणी ही त्या कलमातली कारणे आहेत. मुलांचे आरोग्य त्यात नाही. त्या कारवाईमागची चिंता वापरकर्त्यांची माहिती देशाबाहेर जाण्याची होती. ती चिंता खोटी म्हणता येणार नाही, पण तिचा मुलांच्या झोपेशी काही संबंध नव्हता. शिवाय या कलमाखालच्या कारवाईबद्दल गोपनीयता पाळण्याचे बंधन नियमांतच आहे. त्यामुळे कशासाठी हटवले आणि कशामुळे परत आणले, याची नीट चर्चाही होत नाही.

बीजीएमआयला २०२३मध्ये तीन महिन्यांची प्रायोगिक परवानगी देताना, वापरकर्त्यांचे नुकसान आणि व्यसन यांवर सरकार लक्ष ठेवील, असे तत्कालीन राज्यमंत्र्यांनी सांगितले होते. आरोग्याचा उल्लेख आला तो असा, परतीच्या वाटेवर.

परदेशातही तेच

हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही. संगणकावरच्या खेळांचे जगातले सर्वांत मोठे दुकान म्हणजे ‘स्टीम’. एप्रिल २०२५मध्ये तिथे ‘नो मर्सी’ नावाच्या खेळावरून गदारोळ झाला. स्त्रियांवरचा लैंगिक अत्याचार हाच त्या खेळाचा विषय होता. विरोध वाढल्यावर तो मागे घेतला गेला. अशा खेळासाठी कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. ऑस्ट्रेलियातील ‘कलेक्टिव्ह शाउट’ या संघटनेने जुलै २०२५मध्ये कार्ड आणि पैसे चुकते करणाऱ्या कंपन्यांना जाहीर पत्र लिहिले: अशी दुकाने चालवणाऱ्यांना सेवा देऊ नका. काही दिवसांत स्टीमने आपल्या नियमांत पैसे चुकते करणाऱ्या कंपन्यांच्या अटींचा समावेश केला आणि अनेक प्रौढांचे खेळ काढून टाकले. ‘इच डॉट आयओ’ या लहान निर्मात्यांच्या दुकानाने तर प्रौढांसाठी अशी खूण असलेले सगळेच खेळ एका फटक्यात शोधयादीतून बाहेर काढले.

या सफाईत ‘कन्झ्युम मी’ हा खेळही सापडला. डाएटच्या नादात जेवणाशी बिघडलेले एका किशोरवयीन मुलीचे नाते, हा त्याचा विषय. त्याच वर्षी स्वतंत्र निर्मात्यांच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. खाण्याच्या विकारांबद्दल मुलींशी बोलणे किती अवघड असते, हे मानसोपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. त्या विषयावर बोलणारा खेळ आणि अत्याचाराला बक्षीस मानणारा खेळ एकाच केरसुणीने झाडले गेले.

हे कोणी ठरवले? दुकानांनी पैसे चुकते करणाऱ्या कंपन्यांकडे बोट दाखवले. मास्टरकार्डने जाहीर केले की, आपण कोणत्याही खेळाचे मूल्यमापन केलेले नाही. स्टीम चालवणाऱ्या कंपनीने सांगितले की, मधल्या कंपन्यांनी मास्टरकार्डच्याच नियमाचा हवाला दिला होता. निर्णय झाला, पण तो घेणारा कोणी सापडेना. भारतात सरकारी आदेश होता, तिथे बाजाराचा दबाव होता. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: या खेळाने कोणाला, कसले, किती नुकसान होते, याचा पुरावा कोणी मांडला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

विज्ञान काय म्हणते?

आधी हिंसेचा प्रश्न घेऊ. पडद्यावर गोळ्या झाडणारा मुलगा उद्या खरोखर हात उगारेल का? या विषयावर तीन-चार दशके संशोधन सुरू आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२०मध्ये आपली भूमिका पुन्हा तपासली. हिंसक खेळ आणि ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्यात लहानसा संबंध दिसतो. पण हे खेळ आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांचा संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडले की खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होते, असा इशाराही दिला.

ऑक्सफर्डचे संशोधक अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि त्यांच्या सहकारी नेटा वाइनस्टीन यांनी २०१९मध्ये ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाच्या वागण्याबद्दल त्यांनी पालकांना विचारले आणि खेळ किती हिंसक हे अधिकृत वर्गीकरणावरून ठरवले. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणे यांत संबंध सापडला नाही. एका अभ्यासाने वाद मिटत नाही, हे खरे. पण ‘खेळ हटवा, हिंसा थांबेल’ एवढे ठामपणे म्हणण्याइतका आधार विज्ञानाकडे नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रश्न व्यसनाचा. तो खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळासंबंधीच्या विकाराला जागा दिली आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. या विकाराच्या तीन खुणा आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी आणि रोजची कामे यांच्यापेक्षा खेळ मोठा होतो. नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते. त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांची घडी विस्कटलेली असावी लागते आणि साधारण वर्षभर हे चालू असावे लागते.

ही व्याख्या नीट वाचली तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, तिच्यात किती तास हे लिहिलेले नाही. सुट्टीत दिवसभर खेळणारा, पण शाळा सुरू झाली की ताळ्यावर येणारा मुलगा आजारी नाही. दुसरी, तिच्यात कोणत्याही खेळाचे नाव नाही. आजार मुलाच्या वागण्यात शोधायचा असतो, ॲपच्या यादीत नव्हे. अशा मुलांमध्ये नैराश्य, चिंता, लक्ष एकाग्र न होणे या तक्रारीही अनेकदा आढळतात. त्यांतले आधी काय आणि नंतर काय, हे प्रत्येक मुलागणिक तपासावे लागते. शाळेत धमकावले जाणारे पोर खेळात लपले असेल, तर खेळ गेल्यावर ते लपायला दुसरी जागा शोधते. खेळ काढला एवढ्याने त्याची भीती जात नाही.

भीतीच्या मागे धावताना

‘ब्लू व्हेल’ आठवत असेल. २०१७च्या पावसाळ्यात देशभर त्याची धास्ती होती. मुलांना आत्महत्येला प्रवृत्त करणारा खेळ म्हणून बातम्या येत होत्या. ऑगस्टमध्ये केंद्राने मोठ्या इंटरनेट कंपन्यांना त्याचे दुवे हटवायला सांगितले. वास्तविक हटवण्याजोगा असा एखादा खेळ दुकानात नव्हताच. जानेवारी २०१८मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले की, तपासलेल्या घटनांपैकी एकाही घटनेत त्याचा सहभाग सिद्ध होऊ शकला नाही. दरम्यान, शाळाशाळांतून त्या नावाची चर्चा झाली आणि मुलांच्या नैराश्याची चर्चा राहून गेली. ज्या घरात मूल गेले, तिथे एका अदृश्य खेळाचे नाव पुढे आले की बाकीचे प्रश्न विचारले जात नाहीत. ही किंमत लहान नाही.

कडक नियम करून पाहिलेल्यांचा अनुभव

‘मग सरकारने सरळ वेळ बांधून द्यावी,’ असे म्हणणारे वाचक असतील. ते करून झाले आहे.

दक्षिण कोरियाने २०११मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद केले. पुढे झालेल्या एका मूल्यमापनात मुलांची झोप वाढलेली दिसली, पण ती सरासरी जेमतेम दीड मिनिट. दहा वर्षांनी, २०२१मध्ये, सरकारने हा कायदा मागे घेण्याचे ठरवले.

चीनने २०१९मध्ये अल्पवयीन मुलांना शाळेच्या दिवशी दीड तासाची मर्यादा घातली आणि २०२१मध्ये ती आणखी आवळली: फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. २०१९च्या नियमाचा परिणाम पाहण्यासाठी संशोधकांनी सात अब्जांहून अधिक तासांच्या खेळाची नोंद तपासली. खूप वेळ खेळण्याचे प्रमाण कमी झाल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. त्या नोंदीत मुले आणि मोठे वेगळे काढता आले नव्हते, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरीही एवढ्या कडक देशात हा निष्कर्ष निघतो, तर आपण विचार करायला हवा.

बेल्जियमचा अनुभव आणखी वेगळा. काही खेळांत पैसे मोजून बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे असते. आपल्या जत्रेतल्या सोडतीसारखाच हा प्रकार, फक्त जत्रा बारा महिने खिशात. २०१८मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकाने अशा पेट्या जुगार ठरवून बेकायदा केल्या. काही मोठ्या कंपन्यांनी त्या बंद केल्या. पण नंतरच्या एका पाहणीत, तिथे सर्वाधिक कमाई करणाऱ्या आयफोनवरच्या शंभर खेळांपैकी ८२ खेळांत पेट्या होत्याच. नियम योग्य जागी होता, अंमलबजावणी नव्हती.

खेळाचे नाव नको, खेळाची रचना पाहा

बेल्जियमच्या नियमातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्यांनी खेळाचे नाव धरले नाही, खेळातली यंत्रणा धरली. अशा पेट्यांवर जास्त पैसे घालवणाऱ्यांत जुगाराची समस्याही अधिक दिसते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. कशामुळे काय, हा वाद आहे. पण लहान मुलांसमोर जुगाराचे यंत्र ठेवू नये, हे पटायला त्या वादाचा निकाल लागायची गरज नाही.

यंत्रणा अशा अनेक आहेत. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडते. ठरावीक दिवसांत पातळी गाठली नाही तर हंगाम संपतो. पब्जीच्या धाटणीच्या खेळात शंभर जण उतरतात आणि सामना अर्धा तास चालतो. मध्येच थांबण्याची सोय नसते. आई ताट वाढून हाक मारते आणि पोरगा ‘ही मॅच होऊ दे’ म्हणतो, तेव्हा तो दर वेळी उद्धटपणा करत नसतो. तो उठला तर संघातले तिघे मित्र तोंडघशी पडतात, अशीच खेळाची रचना असते. रचना बदलता येते. बीजीएमआयला परतताना तासांची मर्यादा घालता आली, म्हणजे कंपन्यांना हे जमते.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स व इतर खेळ वेगळे धरले गेले. त्या बंदीबद्दल मतभेद आहेत. पण नुकसान कशातून होते ते आधी सांगायचे, मग त्यावर बोट ठेवायचे आणि हे सगळे उघड कायद्यात लिहायचे, हा मार्ग गुप्त आदेशापेक्षा नक्कीच बरा.

म्हणून आमचे म्हणणे असे. लैंगिक अत्याचाराचे गौरवीकरण किंवा मुलांचे शोषण करणारा खेळ दुकानात नसावा; त्यासाठी कायदा आहे आणि तो वापरावा. बाकी कोणताही खेळ हटवताना कारण लेखी आणि जाहीर असावे, निर्मात्याला बाजू मांडता यावी. आरोग्याचे कारण दिले असेल, तर त्या विषयातील तज्ज्ञांचे मत सोबत हवे आणि हटवल्यानंतर काय झाले याची पाहणीही हवी. २०२३मध्ये सरकारने जे लक्ष ठेवायचे ठरवले, त्यातून काय समजले हे पालकांसमोर मांडले जावे. अल्पवयीनांच्या खात्यात नशिबाच्या पेट्या नकोत आणि मध्यरात्रीची बक्षिसे नकोत. खेळाच्या पानावरची वयाची खूण बहुधा निर्मात्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरते; ती तपासणारे कोणी तरी हवे.

घरात काय करावे?

कायदा होईल तेव्हा होईल, घरातला मुलगा आज जागा आहे. त्याच्या फोनमधला खेळ एकदा शेजारी बसून पाहा, जमल्यास खेळून पाहा. सामना किती वेळाचा, सोबत कोण, पैसे कशाला लागतात, हे कळले की बोलणे भांडणाशिवाय होते. ‘आता बंद कर’ म्हणण्यापेक्षा ‘ही मॅच संपली की जेवायला’ हे दोघांनाही पाळता येते. रात्री सगळ्यांचे फोन, आईबाबांचेही, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. झोप सांभाळली की निम्म्या तक्रारी हलक्या होतात. पैसे देण्याचा पासवर्ड मोठ्यांकडेच ठेवा.

शाळा बुडणे, मित्र तुटणे, आंघोळ-जेवण टाळणे, पैशांबाबत खोटे बोलणे, खेळ थांबवला की आवरता न येणारा संताप, हे महिनोन् महिने दिसत असेल तर फोन हिसकावून आपटू नका आणि बंदीची वाटही पाहू नका. डॉक्टरांकडे जा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठीचे ‘शट क्लिनिक’ २०१४पासून सुरू आहे. आपल्या गावाजवळचे मानसोपचारतज्ज्ञही मदत करू शकतात. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा उपयोग होतो. त्याला वेळ लागतो आणि घरच्यांची साथ लागते.

दुकानातून एक खेळ गेला की दुसरा येतो. बाजाराची रीतच ती. एखाद्या खेळावर बंदी आल्याची बातमी पुन्हा वाचाल, तेव्हा सुटलो म्हणण्याआधी पलीकडच्या खोलीत डोकावून या. तिथे कोण जागे आहे आणि कशामुळे जागे आहे, याचे उत्तर ॲप स्टोअर देऊ शकत नाही.